आटम सीनरीतला निळा

बहारीनमध्ये पानगळ नाही. इथे उन्हाळा असतो किंवा उन्हाळा नसतो, एवढेच दोन ऋतू. तरी भिंतीभिंतीवर पानं गळत असतात. शवर्म्याच्या दुकानात जा, दातांच्या दवाखान्यात जा, केस कापायच्या सलूनमध्ये जा: तांबूस झाडं, धुकं, पडकी कमान, वाकडी पायवाट, आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला एक कोटवाला माणूस. मला या चित्रांचा संताप यायचा. ज्याने आयुष्यात ओकचं झाड पाहिलेलं नाही, त्याने भर उन्हातून आत येऊन, एसीखाली बसून, युरोपातल्या कुठल्या तरी झाडांचा शोक का करायचा? हा शोक इथे आणला कोणी?

अडचण एवढीच होती, की तो भिंतीवर चढवणारा माणूस माझ्याच घरी जेवायचा.

माझे बाबा रंगारी आहेत. मूळचे संगमेश्वराकडचे. चिपळूणला दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तिथून एका कंपनीतर्फे इथे आले ते भिंती रंगवायला. लांबी म्हणजे पुट्टी भरा, घासा, प्रायमर मारा, वर दोन हात रंग. एकदा एका हॉटेलमालकाला भिंतीवर देखावा हवा होता आणि ठरलेला चित्रकार आलाच नाही, तेव्हा बाबा म्हणाले, मी काढतो. तेव्हापासून कंपनीत ते सीनरीवाले झाले. गिऱ्हाईक मोबाइलवर एखादं जुनं युरोपातलं चित्र दाखवतं आणि म्हणतं, हे ऑटम पाहिजे. बाबांच्या तोंडी त्याचं आटम झालं. "या महिन्यात आटम फार आहेत," असं ते आईला सांगायचे, म्हणजे घरी यायला उशीर होणार.

मी पुण्याला कलेचा इतिहास शिकले. खरं म्हणजे त्याहून जास्त पत्रकं लिहायला शिकले. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. विशेषणं कापायची आणि "कदाचित" हा शब्द दारात उभा करायचा नाही. शिक्षण संपवून मी आईबाबांकडे, मनामातल्या झिंज भागातल्या फ्लॅटवर आले आणि मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायला लागले. मी मराठीत सांगते, ती इंग्रजीत उत्तर देतात, चित्र दोघांनाही कळतं. पण पत्रकं वाटायला इथे कुठली जागा? त्यामुळे माझा सगळा संताप घरातल्या घरात, तीन माणसांत वाटला जायचा.

इथल्या मराठी मंडळाने मला कोजागिरीच्या कार्यक्रमात छोटं भाषण करायला सांगितलं, तिथून हे सगळं सुरू झालं. मी विषय कळवला: रोमँटिक निसर्गचित्रांतला ऑटम. मंडळाच्या चिटणीसबाईंचा लगेच फोन.

"अगं, रोमँटिक कशाला? लहान मुलं असतात कार्यक्रमाला."

मी सांगितलं, तसलं रोमँटिक नव्हे. तो एक काळ होता. त्या चित्रकारांना बागबगीचे, राजे, देवदूत यांचा कंटाळा आला होता. डोंगर, वादळ, धुकं, संध्याकाळ यांतून माणसाच्या मनातलं काढायचं, असं त्यांनी ठरवलं. बाई म्हणाल्या, बरं बरं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पोस्टर आलं: "शरदाचं चांदणं आणि रोमँटिक चित्रं." खाली गळणारी पानं.

मी उलट फोन केला. शब्दकोशात ऑटम म्हणजे शरद असं छापलंय म्हणून ते खरं होत नाही. आपला शरद म्हणजे पाऊस सरल्यावरचं धुतलेलं आकाश, शेतात तयार झालेलं भात. पानं गळतात ती शिशिरात. तुम्ही कोजागिरीच्या पोस्टरवर पानगळ घातलीत.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "पोस्टर गेलंय ग्रुपवर. आता खलास."

भाषणाची तालीम मी जेवणाच्या टेबलावर करायचे. संध्याकाळी बाबा कामावरून आले, की टर्पेंटाइनच्या फडक्याने बोटं पुसत समोर बसायचे. ऐकायला दुसरं कोण होतं? आई आत पोळ्या करायची आणि तिथून शेरे मारायची. माझं भाषण म्हणजे अर्थातच आरोपपत्र होतं. या चित्रकारांनी ऑटमचं काय केलं? त्यांनी त्याला म्हातारपण केलं. पिवळं पान म्हणजे सरत आलेलं आयुष्य, उघडा पडलेला ओक म्हणजे एकटा उरलेला माणूस, पडका मठ म्हणजे कोसळलेली श्रद्धा, आणि धुकं म्हणजे पुढे काय आहे ते माहीत नाही. सगळं कसं गोड दुःखाचं. आणि त्याच शेतात कापणी करणारी माणसं? ती कोपऱ्यात, माशीएवढी. ज्यांच्या घरी सरपण भरलेलं होतं त्यांनी ही उदासी दिवाणखान्यात टांगून घेतली.

"हिरो-हिरॉईन कुठेत पण?" बाबा म्हणाले. "रोमँटिक ना?"

"बाबा, ऐका नीट."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. नदीकाठ, गंजलेल्या रंगाची झाडं, मोडकी कमान, पाठमोरा माणूस. लांबवर डोंगर. बाबांनी मान मागे घेतली, मग पुढे आणली.

"हे काय, चहात बुडवून काढलंय? सगळं एकाच रंगात. आळशी माणूस."

"एकाच रंगात नाहीये. हा डोंगर निळा आहे की."

"निळा कुठाय गो?"

"हा काय."

"तो राखाडी हाय, बाय."

मला वाटलं थट्टा करतायत. शेड कार्डावरच्या चार पांढऱ्या रंगांना चार वेगळ्या नावांनी हाक मारणारा हा माणूस. डोंगर इतका निळा होता, की माझ्या शिकवणीतल्या सगळ्यात लहान मुलीनेही ते सांगितलं असतं. मी चित्र मोठं केलं. बाबांनी बोट त्या डोंगरावरून फिरवलं आणि फडकं खाली ठेवलं.

आई लाटणं हातात घेऊन दारात आली. "त्यांना काय विचारतेस? मागच्या आठवड्यात काळे मोजे म्हणून निळे घालून गेले. आणि त्या उम्म अल हस्समच्या हॉटेलात यांनी रंगवलेलं आकाश बघितलंस का? वांग्यासारखं झालंय."

"तिथला दिवा खराब हाय," बाबा म्हणाले.

दिवा खराब नव्हता. मी ते आकाश पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं की गिऱ्हाइकाला तसंच हवं असेल. आता कळलं. समोरचा निळा बाबांना मळका दिसत होता, म्हणून तो उजळेपर्यंत ते त्यात निळा ओतत गेले होते. मला भीती वाटायला हवी होती. पण मला आधी राग येतो, भीती मागून येते. मी म्हटलं, उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. बाबा म्हणाले, बगू.

बगू म्हणजे नाही. आईने मग हात कमरेवर ठेवले आणि आम्ही गेलो.

डॉक्टर केरळची होती, हिंदी बोलायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. भिंग पिवळं-तपकिरी झालंय, म्हणून निळा अडतोय. ऑपरेशन करून टाकू.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "पका है क्या?"

"पकने का वेट नहीं करना, अंकल. जितना पकेगा, निकालना उतना मुश्किल."

बाबांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर आईला सांगितलं, "अजून पिकलेला नाय. घाई नको."

मी जे ऐकलं तेच त्यांनी ऐकलं होतं ना? होतं. पण आमच्याकडे मोतीबिंदू पिकतो. हा शब्दच तसा आहे. बाबांच्या आत्याचा डोळा पांढरा टिक्क होईपर्यंत घरच्यांनी वाट पाहिली. तेव्हाचे शिबिरातले डॉक्टरच सांगायचे, पिकू द्या, मग या. तेव्हा ते बरोबरही होतं. आता यंत्र बदललं, पद्धत बदलली, शब्द मात्र तोच राहिला आणि तो शब्द बाबांच्या डोळ्यावर बसून होता.

मी पत्रक काढलं. दुसरं काय येतं मला? फ्रिजवर लावलं. मथळा होता: "मोतीबिंदू हा हापूस नव्हे." खाली मुद्दे. आंबा अढीत घातला तर गोड होतो, डोळा घातला तर दगड होतो. आंबा काढला नाही तर झाडाखाली सडा पडतो, मोतीबिंदू काढला नाही तर भिंतीवर वांगी येतात. मागणी एकच: तारीख घ्या.

बाबा पत्रकासमोर उभे राहिले. एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"अक्षर बारीक काढलंस. पिकल्यावर वाचीन."

वरच्या मजल्यावरच्या चाचांनाही मी मध्ये घातलं. चाचा राजापूरचे, एका व्यापाऱ्याकडे क्लार्क आहेत, बाबांचे इथले सगळ्यात जुने मित्र. त्यांचे दोन्ही डोळे झालेले. ते चहा प्यायला म्हणून आले आणि फ्रिज वाचून हसले.

"भाव, मी काढला, काय झाला? एकच तोटा झाला. बिल्डिंगची लिफ्ट किती घाण हाय ता दिसला."

"तुमचं काम वेगळं," बाबा म्हणाले. "तुम्ही आकडे बघता. आकड्याला रंग नसतो."

"लाल आकडा असतो की. ता दिसला तर शेठ ओरडता."

सगळे हसले, बाबाही हसले, आणि तारीख काही घेतली नाही.

असे दिवस गेले. मी भाषणाची तालीम सोडली नव्हती. उलट माझं भाषण जास्तच धारदार होत चाललं होतं. एका संध्याकाळी मी प्रतीकांच्या भागावर होते. पान पिकतं, रंग बदलतं, आणि गळतं. या चित्रकारांना त्यात माणसाची कहाणी दिसली, असं मी म्हणत होते. पिकणं ही गळण्याची पहिली पायरी आहे, असं ते चित्र बघणाऱ्याला शिकवतात. हे मान्य करायचं कारण काय?

"मग?" बाबा म्हणाले. "खोटं काय हाय त्यात?"

"बाबा, ते प्रतीक आहे. आपण ते नाकारतो."

"तू नाकार. माझं वय बघितलंस? कंपनीत पिकलं पान मीच. डोळा फाडला, रंग गेला, तर सीनरी कोण देणार? या वयात परांचीवर चढवून लांबी भरायला कोण ठेवतो? व्हिसा रिन्यूला आलाय. सुपरवायझर म्हणेल, थँक यू, जावा. मग तू आणि तुझी आई काय इथे भाषण करून राहणार?"

आईने गॅस बंद केला.

म्हणजे हे होतं. पिकण्याची वाट वगैरे काही नव्हती. डोळा काढल्यावर जे दिसेल त्यात रंग नसला तर काय, ही भीती होती. चुकीचा का होईना, आज रंग दिसतोय. त्यावर पोट चाललंय. आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्या समोर बसून पिकलेल्या पानाचं पुढे काय होतं ते चित्रांसकट सांगत होते.

मी लॅपटॉप बंद करायला गेले. पडद्यावर पुढचं चित्र उघडलं होतं, ते मी भाषणातून गाळणार होते कारण ते माझ्या आरोपात बसत नव्हतं. एकाच चित्राचे दोन फोटो, शेजारी शेजारी. एक साफ करण्याआधीचा, एक नंतरचा.

"हे काय?" बाबांनी विचारलं. त्यांना दोन्हींतला फरक दिसत होता, निळा नाही तरी उजेडाचा.

"चित्र साफ केलंय. वरचं वार्निश जुनं होऊन पिवळं पडलेलं, ते काढलं."

बाबा पुढे सरकले. "वार्निश?"

"हो. चित्र झाल्यावर वरून वार्निश मारायचे. वर्षानुवर्षं ते तांबूस होत जातं. लोकांना वाटायचं, चित्रकाराने उदासच काढलंय. साफ केल्यावर खालून निळं आकाश निघतं. काही जण तर भांडले, आमचं सोनेरी चित्र बिघडवलंत म्हणून."

"दारांचं होतं तसं," बाबा म्हणाले. "सागाचं दार पॉलिश करून सोडलं, की काही वर्षांत मधासारखं होतं. लोक म्हणतात, काय जुनं लाकूड. लाकूड नाय रे, वार्निश हाय ते." त्यांनी अंगठा टेबलाच्या कडेवर घासला. "खालचा रंग नाय ना निघत? काढताना?"

"नीट काढलं तर नाही."

"काढणारा कसा काढतो?"

"थोडं थोडं. कोपऱ्यातून. आधी तपासतो."

मग त्यांनी साफ केलेल्या फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवून पाहिलं. माझं पत्रक तिथेच फ्रिजवर होतं, पण त्याने काही झालं नव्हतं, हे सांगायला हवं. त्यातले मुद्दे बरोबर होते आणि कोणाच्या कामाचे नव्हते. बाबा उठले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "ती डॉक्टरीण सकाळी असते की संध्याकाळी?"

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरला विचारलं, "मॅडम, वार्निश निकालेगा तो अंदर का कलर नहीं जाएगा ना?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, बाबा रंगारी आहेत. ती हसली नाही, हे मला फार आवडलं. ती म्हणाली, कलर आँख के पीछे है, अंकल. हम आगे का काच बदलते हैं.

"फिर करो," बाबा म्हणाले.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या सकाळी बाबांना आत नेलं आणि आई आणि मी बाहेर खुर्च्यांवर बसलो. आईने पर्समधून जपमाळ काढली, पुन्हा ठेवली. म्हणाली, तुझं ते भाषण म्हण. वेळ जाईल.

"इथे?"

"हळू म्हण."

मी हळू म्हटलं. आरोप गाळून म्हटलं, कारण त्या खुर्चीवर आरोप सुचत नव्हते. झाडं, धुकं, मोडकी कमान, नदी. आई ऐकत होती आणि दाराकडे बघत होती.

"पण तो माणूस पाठ का करून उभा असतो गं नेहमी?"

"तो आपल्याला दिसायला नको म्हणून. त्याच्या खांद्यावरून आपण तो बघतोय ते बघावं म्हणून."

"होय?" आई म्हणाली. "मला वाटायचं रुसलाय."

मला हसू फुटलं. आईलाही. शेजारची एक बहारीनी आजी आमच्याकडे बघून उगाच हसली. आणि तेवढ्यात नर्सने दार उघडून सांगितलं, झालं, सगळं ठीक आहे, चहा देताय का त्यांना? आईने डोळे मिटले. मी उठले होते ती पुन्हा खुर्चीवर बसले. मागून येते म्हटलं ना मी, भीती. ती तेव्हा आली आणि आली तशी गेली, कारण तिला करायला काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. बाबांनी पापणी उघडमीट केली. डॉक्टरच्या कोटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच थांबले.

"हा पांढरा कोणी लावला?"

"बाबा, कसं दिसतंय ते सांगा."

"तेच सांगतोय. हा निळसर पांढरा हाय. दवाखान्याला असला नाय लावायचा, माणूस आजारी दिसतो. आणि त्या खांबाचा वेगळा हाय. दोन डब्यांतलं काम."

डॉक्टरला मी हिंदीत करून सांगितलं. ती म्हणाली, व्हिजन बहुत अच्छा है.

चाचांनी आम्हाला आपल्या गाडीतून घरी आणलं. वाटेत बाबा एकदा हा डोळा मिटत, एकदा तो. डावा अजून तसाच होता. डाव्यातून सगळा रस्ता तपकिरी, उजव्यातून निळा. त्यांना ते फार मजेदार वाटत होतं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाई बघायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, "अहो, ते बंद करा. त्यांना वाटेल डोळा मारताय."

"या डोळ्यात आटम," बाबा डावा उघडून म्हणाले, आणि मग उजवा, "आणि या डोळ्यात... तुझ्या भाषेत काय गो त्याला, पाऊस गेल्यावरचं?"

"शरद," मी म्हटलं.

"तो."

चिटणीसबाईंचं पोस्टर निदान अर्धं बरोबर निघालं.

बाबांनी चाचांना गाडी उम्म अल हस्समकडे वळवायला लावली. आम्ही नको म्हटलं, पण त्यांना ते आकाश आत्ताच बघायचं होतं. हॉटेलात दुपारची गर्दी ओसरली होती. बाबा काळा चष्मा वर करून आपल्या भिंतीसमोर उभे राहिले. झाडं झकास होती, खरंच. आणि वर ते आकाश. मालक, एक जाडजूड, मोकळा बहारीनी माणूस, गल्ल्यावरून उठून आला.

बाबा त्याला म्हणाले, "सॉरी, अरबाब. धिस स्काय मफी गुड, नो गुड. आय चेंज."

मालक दचकला. "लेश? व्हाय? नो, नो. पीपल टेक फोटो. कस्टमर लाइक."

"कस्टमर लाइक, आय नो लाइक."

दोघांचं बरंच चाललं. मालकाचं म्हणणं, इतकं जांभळं आकाश मनामात दुसऱ्या कुणाकडे नाही. शेवटी ठरलं की अर्धं बदलायचं, डावीकडचं राहू द्यायचं. बाबांना ते पटलेलं नव्हतं. पण ते गाडीत बसताना हसत होते, आणि हा तोच माणूस होता जो तारीख घ्यायला "घाई नको" म्हणत होता. चाचा म्हणाले, "भाव, लिफ्ट बघायच्या आधी वांगी बघितलास. नशीब."

कंपनीचं म्हणाल, तर सुपरवायझरला डॉक्टरचा कागद दाखवला. तो म्हणाला, धूळ असलेल्या साइटवर थोडे दिवस नको, मग या. व्हिसा आपल्या वेळेला रिन्यू झाला. आम्ही त्याबद्दल जितकं बोललो होतो आणि जितकं बोललो नव्हतो, त्या मानाने ते फारच साधेपणाने झालं. माझी तर कोणाशी तरी भांडायची तयारी होती. भांडायला कोणी भेटलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

मग कोजागिरी. पौर्णिमा आठवड्याच्या मध्ये, म्हणून आमची कोजागिरी सुट्टीच्या शुक्रवारी. मसाला दूध स्टीलच्या पिंपात, मुलं गच्चीभर पळतायत, हवा पहिल्यांदाच अंगाला बरी लागतेय, घाम नाही. बाबा काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत, एखाद्या पुढाऱ्यासारखे. मी भाषण केलं. आरोप ठेवले. माशीएवढ्या कापणीवाल्यांचा आरोप मी आजही मागे घेत नाही. पण मी गाळलेले ते दोन फोटो पडद्यावर आणले. म्हटलं, या चित्रांना आपण नुसती मरणाची चित्रं म्हणतो, मीही म्हणायचे. पण त्यांच्यात लांब, अगदी मागे, बहुतेक वेळा एक निळा असतो. जवळचं सगळं पिकलेलं, गळणारं, तपकिरी. लांबचं निळं. जिथे पोचता येत नाही तिथे नजर जावी, एवढ्यासाठी ठेवलेला. वार्निश चढलं, की सगळ्यात आधी तोच जातो. मग चित्रात फक्त दुःख उरतं आणि आपण म्हणतो, चित्रकारच रडका.

चिटणीसबाईंनी प्रश्न विचारला, की हे वॉलपेपरमध्ये मिळतं का. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मिळतं, पण हाताने काढलेलं चांगलं." लोक हसले. दोन बायकांनी दुधाच्या ग्लासासकट येऊन त्यांच्याशी भिंतींच्या मापांबद्दल बोलणं सुरू केलं. मला पुढे एक मुद्दा मांडायचा होता, तो राहिलाच.

घरी आता डाव्या डोळ्याचं राहिलं होतं. त्याची तारीख डॉक्टरने पुढची दिली होती. एका दुपारी मी शिकवणीतून आले, तर बाबा फोनवर दवाखान्याच्या रिसेप्शनला धरून बसले होते. हिंदी, इंग्रजी, अरबी, जे येतं ते सगळं वापरत होते. नो, सिस्टर, नेक्स्ट मंथ नो. एक आँख में एक कलर, एक आँख में दुसरा कलर, मैं काम कैसे करेगा? यल्ला, देखो ना, कोई कॅन्सल हुआ तो. इंशाल्ला मत बोलो, डेट बोलो.

पलीकडच्या बाईने शेवटी अलीकडची तारीख दिली. बाबांनी फोन ठेवला आणि जेवायला बसले. आईने भातावर आमटी वाढली. बाबांनी ताट उजवीकडे वळवलं, उजव्या डोळ्याने वाकून पाहिलं.

"हळद जास्त पडलीय आज."

"तेवढीच आहे," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून तेवढीच घालते. जेवा."